शीलाच्या लग्नाचा रोल

माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याची खरी किंमत अशी: रत्नमालाच्या दोन पाटल्या, रोलचे तीन जुने कॅमेरे आणि एक मित्र. पावतीवर यातला मित्र नाही, म्हणून तो इथे लिहून ठेवतो.

मी, बद्रीनाथ मुंजाबा शिंगाडे, वय ६८, धंदा फोटोग्राफी, मूळ देवगाव रंगारीचा, हल्ली राहणार पुंडलिकनगर, औरंगाबाद. डोकं ठिकाणावर आहे, कुणी हात धरून लिहवून घेत नाही, आणि कान तर असे तल्लख की रोल कॅमेऱ्यात सरकतोय की नाही हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. पुंडलिकनगरचं घर आणि बँकेतली ठेव पत्नी रत्नमाला हिची. ती आहे तोवर घर कुणी विकायला काढू नये. खालच्या हौदाची किल्लीही तिच्याकडेच राहील. या उन्हाळ्यात टँकर आठवड्याने येतो. शेजाऱ्यांना घागर द्यायची की नाही हे ती ठरवते, आणि देते.

२. औरंगपुऱ्यातलं दुकान, डिजिटल कॅमेरे, ड्रोन आणि कॉम्प्युटर चिरंजीव इंद्रजीत याचे. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या बापाची मेंढरं गेली तेव्हा मी याच गल्लीत दुसऱ्याच्या स्टुडिओत फोटो धुवायला लागलो. सात वर्षांनी त्याच्या समोरच स्वतःची पाटी लावली. २००४ साली रोल सोडून डिजिटल घेणारा गल्लीतला पहिला मीच. लोक म्हणाले, "बद्रीशेठनी जमाना ओळखला." मी नाही म्हणालो नाही. इंद्रजीत एका लग्नात तीन हजार फोटो काढतो. त्यातले शंभर ठेवून बाकीचे पुसायला त्याने शिकावं.

३. शेजारचे स्टुडिओवाले आप्पासाहेब यांनी १९९१ साली माझा ट्रायपॉड दोन दिवसांसाठी नेला. तो त्यांनाच दिला असं समजावं. त्याचा वरचा स्क्रू माझ्या गल्ल्यात आहे. तोही नेऊन द्यावा, म्हणजे पंचवीस वर्षांनी त्यांचा कॅमेरा एकदाचा सरळ उभा राहील.

४. दुकानामागची अंधारी खोली, एनलार्जर, ट्रे आणि निगेटिव्हचे सगळे डबे हनुमान सांडू गोरे, राहणार देवगाव रंगारी, याला द्यावेत. इंद्रजीतला तिथे मेकअपची खोली करायची आहे. ती होणार नाही. पंचवीस वर्षं हनुमानने त्या खोलीत माझे फोटो धुतले. रंगीत रोलसुद्धा आम्ही बाहेर देत नव्हतो, एवढा त्याचा हात. २००४ नंतर तो या दुकानाची पायरी चढला नाही. कारण लिहितो.

त्या मे महिन्यात माझी बहीण सारजाबाई हिच्या मुलीचं, शीलाचं, देवगावात लग्न होतं. अंतरपाट, अक्षता, हार, सगळं मी एकाच रोलवर काढलं. छत्तीस फोटोंनंतर रोल अडतो. माझा सदतिसावा निघाला, अडतिसावाही निघाला, आणि मी कॅमेरा पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी हनुमान कोरा रोल घेऊन अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला.

"बद्री, रोल सरकलाच नाय रं. एक बी फोटू नाय."

तेवढ्यात शीलाचे सासरे दारात उभे. मी त्यांना म्हणालो, "धुताना बिघडला. याच्या हातून."

हनुमानने माझ्याकडे पाहिलं. टॉवेल खिळ्याला अडकवला, चपला घातल्या. "चालतंय, बद्री," एवढंच बोलला आणि गेला. गावात आजही त्याला शीलीच्या लग्नाचे फोटू घालवणारा म्हणतात. खरं काय ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

तर तो रोल मी भरला होता. बाहेर पाण्याचा टँकर आलेला, हंड्या-कळशांचा गोंगाट, त्यात मला आवाज कळला नाही. महिन्याभरात डिजिटल घेतला, कारण त्याच्या पाठीवर फोटो लगेच दिसतो. जमाना वगैरे काही ओळखला नव्हता.

५. कलम चार वाचायला माझ्या मरणाची वाट पाहू नये. वकीलसाहेब म्हणाले, "असं मृत्युपत्रात बसत नाही." म्हटलं, "मग बाहेर बसवा." येत्या रविवारी मी देवगावला जाऊन शीला, सारजाबाई आणि हनुमान यांच्यासमोर ते स्वतः वाचीन. मी टाळाटाळ केली तर इंद्रजीतने मला गाडीत घालून न्यावं.

हे सर्व राजीखुशीने लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि खाली सही केली.

ठिकाण: औरंगाबाद
दिनांक: १६ मे २०१६
(सही) बद्रीनाथ मुंजाबा शिंगाडे

साक्षीदार:
१. (सही) तात्यासाहेब नलावडे, देवगाव रंगारी
२. (सही) राम डोईफोडे, पुंडलिकनगर

दोन्ही साक्षीदारांसमक्ष हाताने वाढवलेला मजकूर: सहीसाठी पेन उचलून तात्यासाहेब म्हणाले, "बद्री, त्या लग्नात मी वाढायला व्हतो. टँकर तर दिवेलागणीला आलता की." त्यांचं बरोबर आहे. लग्न दुपारी लागलं. मी रोल भरला तेव्हा बँडवालेही जेवायला बसले होते. माझा डावा कान त्याच्या आदल्या दिवाळीपासून बंद आहे.