अप्पांच्या मशीनचा सूर

अप्पा, तुमच्या जुन्या सिंथेसायझरचा आवाज मी आठ दिवस माझ्या कीबोर्डवर शोधतेय. येत्या रविवारी भालकीत तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या उरलेल्या मंडळींचा कार्यक्रम आहे. ढोलकीवाले काका स्वतः घरी आले. म्हणाले, "अक्का, गाणी कुणीबी वाजवंल. तुझ्या अप्पाचा त्यो आवाज पायजे." ते मशीन तर तुमच्या माघारी भंगारात गेलं. माझा कीबोर्ड डिजिटल, त्यात तयार आवाज शेकड्यांनी आहेत, पण तुमचा एकही नाही. म्हणून मुळापासून सुरुवात केली. दोन सारखे सूर घेतले, एक दुसऱ्यापेक्षा केसभर खाली ठेवला. फिल्टर हळूहळू बंद करत आणला, तसा कर्कशपणा गेला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना सनईसारखी मींड यावी, तेही जमलं. तरी आवाज थंडगारच. मग आठवलं, तुमचं मशीन तापलं की त्याचा सूर सरकायचा आणि तुम्ही दोन गाण्यांच्या मधे कान लावून, बारीक बटण फिरवून त्याला जागेवर आणायचात. मी कीबोर्डलाही तसंच किंचित डळमळू दिलं. आई स्वयंपाकघरात भाकरी करत होती. मी हात उचलला तशी आतून म्हणाली, "थांबलीस कामून? वाजव की. त्यांचंच हाय." तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिची काही हालचाल ऐकू आली नाही.

तेव्हापासून मेहकरचं लग्न डोक्यातून जात नाही. मी चौदा वर्षांची, मांडवात पहिल्यांदाच गायला उभी आहे. तुम्ही सूर देता आणि मी भलत्याच पट्टीत सुरू करते. लोक हसतात. मी माईकवरच ओरडते, "अप्पा, तुमचं मशीन उतरलंय!" तुम्ही एकदाच माझ्याकडे बघता, माईक ओढून घेता. "व्हय, मशीनच उतरलंय. पोरीची चूक न्हाई." मग ते बारीक बटण उगाच फिरवता आणि माझ्या त्या चुकीच्या पट्टीत अख्खं गाणं वाजवता. महिन्याभरात ऑर्केस्ट्रात नवा कीबोर्ड आला, तुमचं मशीन चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत. मीही नाही.

परवा चहा पिताना काका म्हणाले, "मेहकरला मशीननं दगा दिला बघ." मी होकारार्थी मान हलवली. रविवारीही कुणी विचारलं तर कदाचित तेवढंच करीन. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे खरं ते लिहिते. मशीन सुरात होतं, अप्पा. मला ते पहिल्या ओळीतच कळलं होतं.