साडी परवा मिळेल

ती. आईस,
कात्रपहून स्वप्नालीचा वाकून नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. वहिनी वाचून दाखवेल.

आम्ही मजेत आहोत. ह्यांना अंबरनाथच्या कंपनीत रोज ओव्हरटाइम मिळतो. काळजी करू नकोस, एकटी असले तरी मी वेळेवर जेवते.

शिलाई मशीन घेतलं. उल्हासनगरचे एक सिंधी शेठ जीन्स शिवायला द्यायला तयार होते. म्हणाले, "घर बैठे कमाओ, बेटी. टेम्पो माल लाएगा, टेम्पो ले जाएगा." कमाई बरी होती, पण टेम्पोवाला गठ्ठे खाली वॉचमनकडेच टाकून जाणार. आपली बेल कोण वाजवणार? मी नाही म्हटलं. ह्यांची दोन दिवस धुसफूस चालली होती.

आता दारावर फॉल-पिकोची पाटी लावलीय. बायका साडी घेऊन येतात, फॉलचा रंग जुळवेपर्यंत बसतात. वरच्या मालिनीकाकू तर चहा पिऊन गेल्या.

तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का? दुपारी आपल्या पडवीत अजून सगळ्या जमतात का गं?

एक गंमत सांगते, ह्यांना सांगू नकोस. साडी तासाभरात होते. तरी मी प्रत्येकीला "परवा या" सांगते. तेवढंच तिचं पुन्हा येणं होतं.

तुझ्या हिरव्या साडीचा फॉल उसवलाय ना? कुणाबरोबर पाठवू नकोस, तूच घेऊन ये. तुलाही परवाच देईन.

तुझी,
स्वप्नाली