खड्ड्याची भिंत

वेराक्रूझ, मेक्सिको

ती. बाबा,
सा. न. मी ठीक आहे. आईला एवढंच सांगा.

मंगळवारी आमच्या उत्खननाच्या खड्ड्याची भिंत कोसळली. मी ओल्मेक लोकांची, तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची मूर्ती सोडवत होते. कमरेपर्यंत गाडले गेले. आमच्यातला जुना खोदकामगार रामिरो ओरडला, "मूर्ती सोड, हात दे!" मी दिला. मूर्ती फुटली. माझा पाय नुसता मुरगळलाय.

उत्खनन चालवणाऱ्या सरांनी विचारलं, "सोमवारी खड्ड्यात उतरशील ना?" हो म्हटलंय, पण काठाशी गेले की दोन पावलं मागे सरते.

तुमचा खोकला कसा आहे? ठाकूरद्वारपर्यंत चालत जाता ना?

फोनवर तुम्ही आवाजावरून ओळखलं असतं, म्हणून लिहिलं. हे पोचेल तेव्हा सोमवार उलटलेला असेल.

तुमची,
ऋता