आठ वाजता उभी राहिले

किन, ओकिनावा
एप्रिलचा शेवट

प्रिय आई,

खोकं तुझ्या दारात येऊन पडलं असेल आणि तू ते अजून फोडलं नसशील, हे मला इथे बसून दिसतंय. आधी पत्र, मग खोकं, हा तुझा बाबांच्या फौजेतल्या दिवसांपासूनचा नियम. तो आजही पाळ. हे शेवटपर्यंत वाच आणि मगच कात्री हातात घे. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतेस. पत्राला तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

पहिली बातमी पहिल्यांदा. तुझी तारांची बाई पदवीधर झाली! वर्गात दुसरी आले. काल निकाल आला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले, आणि खालून चिनेनबाई, आमच्या घरमालकीण, गॅस गळतोय की काय म्हणून चपला न घालताच जिना चढून आल्या. त्यांना माझं इंग्रजी आणि मला त्यांची भाषा अर्धीमुर्धीच कळते, पण माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. संध्याकाळी त्यांनी एवढा टाको राइस, म्हणजे इथला खिमा घातलेला भात, करून पाठवला की तुझ्या नातीने, हॅटीने, आणि मी तो आज सकाळीही खाल्ला.

तुला आठवतं, मी हे शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस? सोन्यासारखे हात आहेत तुझे, कात्री टाकून तारा काय जोडत बसतेस. बरोबरच होतं तुझं. केस मी चांगलेच कापते. पण कात्रीला परवाना लागतो ना आई! नेब्रास्कात काढलेला परवाना नॉर्थ कॅरोलिनात चालला नाही. तिथे पुन्हा परीक्षा दिली, दुकानात जरा जम बसला, बायका माझं नाव घेऊन यायला लागल्या, तोच नवरोबाचा, रसचा, बदलीचा हुकूम. कॅलिफोर्नियात पुन्हा तेच. आणि इथे तर फौजी तळाबाहेर घर, देश दुसरा, कुठलंही काम करायचं तर दहा ठिकाणी विचारा. स्वयंपाकघरात मैत्रिणींचे केस कापायचे आणि बदल्यात कोणी आणलेली वाडगाभर मॅकरोनी घ्यायची, एवढाच धंदा उरला. फौजीच्या बायकोचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर, हे तुला मी काय सांगणार? कॅन्सस, जर्मनी, जॉर्जिया, सगळीकडे तू आपल्या घराची खोकी बांधलीस. मला ती सगळी आठवतात. भांड्यांवर लाल खूण, अंथरुणांवर निळी, आणि ते एक लहान खोकं, पांढऱ्या बुटांचं, जे तू सामानाच्या गाडीत कधीच टाकलं नाहीस. ते मांडीवर घेऊन बसायचीस. बूट पायात कधी दिसले नाहीत. मी विचारलं की म्हणायचीस, पाय सुजतात माझे.

मग मी ठरवलं की शिकायचं ते असं, जे पुढच्या बदलीत बॅगेत मावेल. तळावरच्या सल्लागार बाईंनी सांगितलं, व्यवस्थापनाची पदवी घ्या, इथल्या सगळ्या बायका तीच घेतात. सगळ्या घेतात म्हणूनच नको वाटली. जाहिराती तर विचारू नकोस. फौजीची बायको म्हटलं की या ऑनलाइन कॉलेजवाल्यांना आपण गुळाची ढेप दिसतो. एक गृहस्थ रोज फोन करायचा, दर वाक्याला मॅडम. मी त्याला एकच विचारलं. वादळात तीन दिवस वीज गेली, तर माझ्या परीक्षेचं काय? तो म्हणाला, मॅडम, तुमच्याकडे वादळं येतात? मी फोन ठेवला. मग आपल्याच राज्याच्या विद्यापीठात लावला. तिथे ओडेलबाई म्हणून होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बर्फाचं वादळ, तुमच्याकडे पावसाचं. आधी दिवे येऊ द्या, मग उत्तरं पाठवा." तिथल्या तिथे ठरलं. संगणकांची जाळी राखायची, चोर आत शिरू द्यायचे नाहीत, ही पदवी मी निवडली. काम तारेवरून चालतं, आणि तारेला कुठल्या राज्याचा परवाना लागत नाही.

या पदवीसाठी रसने स्वतःच्या वाट्याचा, सरकारी खर्चाने शिकायचा हक्क माझ्या नावावर केला. त्या बदल्यात फौजेत आणखी चार वर्षं लिहून दिली. मी म्हटलं, अरे, तुला स्वतःला शिकायचं होतं ना? तर म्हणाला, घरात एक तरी शहाणं असू दे. तो असा बोलतो आणि आपण हसतो, पण चार वर्षं म्हणजे चार वर्षं, आई. म्हणजे मी नापास झाले असते किंवा मला काढून टाकलं असतं, तर माझ्याबरोबर त्याचंही पाण्यात गेलं असतं.

आणि ते जाता जाता राहिलं. हे तुला मी सांगितलं नव्हतं, कारण तू रात्रपाळीला दवाखान्याच्या काउंटरवर बसतेस, आणि चिंता लागली की समोरच्या पेशंटवर खेकसतेस.

शेवटची परीक्षा शनिवारी सकाळी होती. समोर कॅमेरा. नियम असे की जागेवरून उठायचं नाही, नजर हलवायची नाही, बोलायचं नाही, खोलीत दुसरं माणूस नको. हॅटीला मी खाली चिनेनबाईंच्या अंगणात पाठवलं होतं. तासभर झकास चाललं. प्रश्न असे सोपे की मला संशयच यायला लागला. आणि आठ वाजले.

आमचं घर तळाच्या कुंपणाला लागून आहे. सकाळी आठला कर्ण्यांवरून आधी आपलं राष्ट्रगीत वाजतं, मग जपानचं. बाहेर रस्त्यावरच्या गाड्या थांबतात, माणसं जागच्या जागी उभी राहतात. घरात असलेल्याला काही बंधन नाही. पण रस फौजेच्या बोटीवर गेल्यापासून हॅटीला मी सांगितलंय की बाबाही तिकडे आठला असाच उभा राहतो. म्हणून आम्ही दोघी रोज खिडकीत उभ्या राहतो, छातीवर हात ठेवून. दोन्ही गाणी संपेपर्यंत, कारण ज्याच्या अंगणात राहतो त्याचाही मान ठेवायचा. गाणं संपलं की मी विचारते, शुभ सकाळ बाबा, आज न्याहारीला काय? आणि बाबाच्या वतीने हॅटी उत्तर देते.

पायांना कोण सांगणार परीक्षा आहे म्हणून? गाणं लागलं आणि मी उठले. खिडकीकडे तोंड करून दोन्ही गाणी उभी राहिले. वर तोंडाने विचारलंही, आज न्याहारीला काय. खाली अंगणात ती बया छातीवर हात ठेवून उभीच होती, तिने ओरडून सांगितलं, पॅनकेक! मी वळून बसले तर संगणकाचा पडदा लाल. परीक्षा बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कॅमेऱ्यावरून पहारा देणाऱ्या कंपनीने विद्यापीठाला कळवलं की विद्यार्थिनी जागेवरून उठली, बाहेरच्या व्यक्तीला प्रश्न विचारला, आणि बाहेरून उत्तर आलं. पॅनकेक. हे त्यांनी खरंच लिहिलं, आई. मला हसू आलं, पण क्षणभरच. कॉपीचा ठपका बसला की नाव कायमचं काढतात, आणि चोरांना अडवण्याच्या नोकरीत चोर म्हणून काढलेल्या बाईला कोण उभं करणार? दोन आठवडे मी हॅटीशी धड बोलले नाही. रसला बोटीवर काही कळवलं नाही. आणि तुला रोज फोनवर सांगत राहिले, सगळं छान.

चौकशीला पडद्यावर तिघं होती. एक बाई नुसतं टिपून घेत होत्या. दुसऱ्या ओडेलबाई. तिसरे आमचे प्राध्यापक लिंडक्विस्ट, आपल्याकडच्या मक्याच्या शेतकऱ्यांसारखेच, शब्द मोजून खर्च करणारे. मी एवढंच म्हटलं की चित्र बघितलंत, आता आवाज वाढवून ऐका. त्यांनी ऐकलं. दोन्ही गाणी ऐकली, माझा प्रश्न ऐकला, हॅटीची आरोळी ऐकली. लिंडक्विस्टांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, पेपर मी काढलाय, त्यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पॅनकेक नाही. ओडेलबाईंनी तोंडावर हात धरला. पण लिंडक्विस्टांनी मला सोडलं नाही. विचारलं, घरात असताना उभं राहायची सक्ती असते का? मी म्हटलं, नाही.

"मग उभ्या का राहिलात? एवढी परीक्षा चालू असताना?"

मी सरळ सांगितलं. "माझी मुलगी खालून बघत होती, सर. मी बसून राहिले असते, तर तिचा बाप तिकडे एकटाच उभा आहे असं तिला वाटलं असतं."

लिंडक्विस्टांनी चष्मा पुन्हा चढवला. मग ओडेलबाई म्हणाल्या, परीक्षा नव्याने घेऊ, नऊ वाजता ठेवू, म्हणजे अडचण नको. तिथे गप्प बसावं की नाही? पण मी तुझी मुलगी. मी म्हटलं, सातलाच ठेवा, आणि आधीच सांगते, आठला मी उठणार. चोरी केली नाही तर तोंड कशाला लपवू? लिंडक्विस्ट म्हणाले, उठा, पण उत्तरं बसून लिहा.

दुसऱ्या वेळी पहाऱ्याला यंत्राऐवजी जिवंत माणूस होता, कुणीतरी तरुण मुलगा. आठ वाजले, मी उठले. दोन्ही गाणी झाली, न्याहारी विचारली, खालून आरोळी आली, कॉर्नफ्लेक्स. मी बसले, तर तो हळूच म्हणाला, घड्याळ थांबवलं होतं मॅडम, आता चालू करतो. तेव्हा मला रडू आलं, आई. नंतरचा पेपर मी डोळे पुसत लिहिला, आणि तरी दुसरी आले!

आता दुसरी बातमी. नोकरी लागली. आपल्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांची जाळी राखायला त्यांना रात्रभर जागं माणूस हवं होतं आणि मिळत नव्हतं. तुमची रात्र म्हणजे माझा दिवस. इतकी वर्षं ज्या वेळेच्या फरकाने नाकी नऊ आणले, त्यानेच नोकरी दिली. इथली परवानगीही मिळाली. सोमवारपासून तू रात्री ज्या संगणकाला शिव्या घालतेस, तो माझ्या राखणीत. जरा जपून बोलत जा त्याच्याशी.

तर आता खोकं. आत काळा झगा आहे आणि टोपी. टोपीच्या वर हॅटीने रंगाने जे काढलंय ते घोडा नाही, ती तू आहेस. शुक्रवारी संध्याकाळी विद्यापीठात पदवीदान आहे. मला येता येत नाही. रसची बोट त्याच आठवड्यात लागतेय, आणि सोमवारी काम सुरू. परदेशी तळावर राहणाऱ्यांच्या वतीने घरच्या माणसाने पदवी घ्यायची तिथे मुभा आहे. तुझं नाव मी देऊन टाकलंय. तू म्हणशील, माझं काय काम तिथे. ऐक. तीन वर्षं रात्रपाळीतल्या मधल्या सुट्टीत माझं पुस्तक फोनवर कोणी ऐकलं? कळलं नाही, पुन्हा सांग, असं तू म्हणत राहिलीस, आणि सांगता सांगता मला कळत गेलं. फायरवॉल मला सांगता येईना, तेव्हा आपल्या दवाखान्याच्या दारातला रखवालदारच की, असं कोणी सांगितलं? आणि मला हेही माहीत आहे, बाबा गेल्यावर मावशीने सांगितलं, की कॅन्ससमध्ये, जर्मनीत आणि जॉर्जियात तीनदा तू नर्सिंगला नाव घातलंस आणि तीनदा बदलीने ते सुटलं. तुझे पाय कधीच सुजत नव्हते, आई. ते बूट पदवीच्या दिवसासाठी होते. कपाटात वरच्या फळीवर असतील. काढ, पूस आणि घाल. सुरुवातीला राष्ट्रगीत होईल तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे सहा असतील आणि आमच्याकडे सकाळचे आठ, आणि आम्ही दोघी खिडकीत उभ्या असू. मग ते माझं नाव पुकारतील, आणि त्याच्या मागोमाग तुझं, अर्लीन व्होगल. दोन्ही नावं ऐकलीस की ऊठ आणि चालत जा.

तुझीच,
ट्रिना