गुलनारच्या बोर्डासाठी एक शब्द

३ मार्च
जठारपेठेतल्या बोअरच्या पाण्याची शासनाने एकदा चौकशी करावी. माझ्या रोजच्या तिन्ही पॅन्ट आटल्या. शर्ट आटत नाही, टॉवेल आटत नाही. फक्त पॅन्ट, आणि तीही कमरेतच.

शेजारच्या गुलनारने (लेडीज टेलर) आतला दाब (शिलाईत दुमडलेलं जादा कापड) उसवून तिन्ही वाढवून दिल्या. पैसे घेईना. "सर, तुमच्यापासून कायचे पैसे? मले बोर्डासाठी एक चांगला इंग्लिश शब्द द्या." रेडिमेडवाले 'तुमचं माप नाही' म्हणून परत पाठवतात त्या बायांचे ब्लाऊज ती शिवते. बोर्डावर 'जाड' कसं लिहिणार? उद्या देतो म्हटलं.

९ मार्च
बिग पोरकट. लार्ज प्रत्येक कॉलरमागे असतो. ह्यूज बरा, जायंट उद्धट. घाई केली की भाषा बिघडते. या शब्दापायी मॅचच्या फक्त शेवटच्या दहा ओव्हर पाहिल्या.

१२ मार्च
ठरला. एनॉर्मस. सौ.ला विचारलं, तुला असं म्हटलं तर कसं वाटेल? "म्हणून पाहा," म्हणाली. होकार समजलो.

१७ मार्च
बोर्ड लागला. 'गुलनार एनॉर्मस लेडीज टेलर'. बाया थांबून वाचतात.

२१ मार्च
थांबतात, वाचतात, पुढे जातात.

इंदूबाई सहा वर्षांपासूनची गिऱ्हाईक. मापाचा जुना ब्लाऊज पिशवीच्या तळाशी, वर मेथी, अशी यायची. आज तिने मोबाइलवर अर्थ पाहिला. अवाढव्य. भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं: "मी मेथीखाली लपवून आणतो, अन् तू दारावर लिवून राह्यली काय?"

ब्लाऊज परत घेऊन गेली. लोकांचं इंग्रजी कच्चं, त्याला मी काय करणार.

२६ मार्च
तोंडावर लग्नसराई आणि पलीकडचं मशीन चार दिवस बंद. झोप लागत नाही. बहुधा आवाजाची सवय.

गुलनार सौ.ला म्हणाली म्हणे, "सरचा शब्द चांगलाच असन, आमचंच नशीब." सौ.ने त्यात स्वतःची भर घातली: "बाईच्या दारात हत्ती बांधला तुमी." जेवण गेलं नाही. चारच पोळ्या.

२८ मार्च
सकाळी पेंटरला बोलावून शब्द पुसून घेतला. जागी दुसरा काय लिहू, विचारत होता. काही नको.

मग ठेवणीतली चौथी पॅन्ट घेऊन गुलनारच्या दुकानात गेलो. इंदूबाई ओट्यापर्यंत आली होती, आत येत नव्हती. गुलनार हळूच म्हणाली, "पानीच खराब आहे सर. कंबर छत्तीसच लिवू ना?"

"पाणी चांगलं आहे," मी म्हटलं. "बेचाळीस लिही." इंदूबाईला ऐकू जाईल असं.

"दाब पुरत नाही मंग. जोड लावा लागन."

लाव म्हटलं.

इंदूबाई आत आली, पिशवीतली मेथी काढून बाजूला ठेवली. आधीच्या तिन्ही पॅन्टचे पैसे मी खडूच्या डब्याखाली सरकवले आणि निघालो.