मागच्या ब्रेकचं नऊ मिनिटांचं काम

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळी ७
आज माझा अपमान झाला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने केला. ब्रेक दाबला की गाडी मागून कुंई करते, एवढंच दाखवायला गेलो होतो. त्याने वाकून पाहिलं. म्हणाला, मागचे ब्रेक-पॅड झिजून पापुद्रे झालेत, पुढच्या सोमवारी गाडी ठेवा. म्हटलं, मीच घरी बदलतो. यावर तो हसला. नुसता हसला असता तरी चाललं असतं. हसून म्हणाला, साहेब, तुम्ही आपल्या काचा पुसा.
ठरलं. पॅड मीच बदलणार. जगात गॅरेजं नव्हती तेव्हाही गाड्या थांबतच होत्या.

मंगळवार, ५ मार्च
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पाहिला. अकरा मिनिटांचा. त्यात दोन मिनिटं जाहिरात. म्हणजे काम नऊ मिनिटांचं.
बायको म्हणाली, आधी गाडीचं पुस्तक वाच. बायको शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिला छापील गोष्टींवर फार विश्वास. मी मिक्सर बनवणाऱ्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहितो. वीस वर्षं लिहितोय. त्यात काय लिहितात ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून मी त्या वाचत नाही.
आक्काचा फोन. शुक्रवारी १५ तारखेला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू इतका पिकलाय की परवा खुंटीवरच्या कोटाला नमस्कार केला म्हणे. आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. हॉस्पिटलात माझ्याच गाडीतून नेईन, असा शब्द दिलाय. तिला सांगितलं, ब्रेकचं काम स्वतः करतोय. ती म्हणाली, कर हो, लहानपणीही तू घड्याळ उघडलं होतंस. कौतुक ऐकून बरं वाटलं.

बुधवार, ६ मार्च
पॅड आणले. घरी येऊन पाहतो तर पुढच्या चाकांचे. दुकानदाराने पुढचे की मागचे हे विचारलंच नाही. विचारलं असेल तर पुरेशा मोठ्याने विचारलं नाही.
परत गेलो. बदलून दिले. 'साहेब, घरीच बसवणार का?' असं मात्र सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

शनिवार, ९ मार्च. सकाळी ८
जुना शर्ट घातला. हत्यारं लावून ठेवली, मोठ्यापासून लहानापर्यंत. साडेआठपर्यंत डावं चाक, नऊपर्यंत उजवं. मग अंघोळ, नाश्ता, आणि गाडी मेकॅनिकच्या दारावरून दोनदा हळू न्यायची. हॉर्न वाजवायचा नाही. नुसतं बघायचं.

८.४०
जॅक लावून डावी बाजू उचलली. नट सैल होत नाही. पाना फिरवला की चाकच फिरतं. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर गच्चीत चहा घेऊन उभे आहेत. त्यांनी वरून सांगितलं की नट आधी जमिनीवर सैल करतात, मग गाडी उचलतात.

८.५५
गाडी खाली घेतली. हेडमास्तरांनी सांगितलं म्हणून नाही. जॅकला विश्रांती हवी होती.

१०.१५
चाक निघालं. बायको बाहेर आली आणि ते काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून गेली. जॅक घसरला तर मी सपाट होऊ नये म्हणून. काळजी समजू शकतो. अविश्वास नाही समजू शकत.

१२.३०
चाकामागे डिस्क असते, ताटासारखी. तिला दोन्हीकडून चिमटा धरावा तसे पॅड धरतात. त्या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. तो उघडला. जुने पॅड निघाले. खरोखरच पापुद्रे. (मेकॅनिकचं एक निदान बरोबर निघालं म्हणून तो डॉक्टर होत नाही.)
आता कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलायचा, म्हणजे नवे जाड पॅड मावतील. व्हिडिओत तो माणूस गाणं गुणगुणत ढकलतो.

दुपारी २
पिस्टन ढिम्म.

३.३०
क्लॅम्प लावून आवळला. पिस्टन ढिम्म. क्लॅम्प वाकला. हेडमास्तरांचा तिसरा चहा.

५.००
आजच्या दिवसाचं काम ठरवून थांबवलं. कुठलंही मोठं काम टप्प्याटप्प्यानेच होतं. गाडी एक पाय वर करून उभी आहे. येणारे-जाणारे बघतात. बघू देत.

रविवार, १० मार्च. सकाळी १०
बायको गाडीचं पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसली. पान चौऱ्याहत्तर. मागच्या चाकांचा पिस्टन नुसता ढकलायचा नसतो, स्क्रूसारखा फिरवत ढकलायचा असतो, कारण हँडब्रेकही त्यालाच जोडलेला असतो. व्हिडिओ पुढच्या चाकांचा होता.
फिरवला. लोण्यासारखा आत गेला. कल्पना तशी माझ्याही डोक्यात आलीच होती. तिने फक्त वाचून दाखवली.

दुपारी ३
उजवं चाक एकट्याने केलं. बायकोला मुद्दाम आत पाठवलं. पेपर तपासायचे होते तिला. दोन तासांत काम फत्ते. शेवटी हातात एक पत्र्याची क्लिप उरली. कंपन्या हल्ली जास्तीच्या देतात.
आक्काला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, शाबास रे माझ्या राजा. डोळ्यांत पाणी आलं. अर्थात, हातावर ब्रेकची धूळ होती आणि हात डोळ्याला लागला होता.

४.१०
चाचणी. आमच्या दारातून रस्त्याकडे थोडा उतार आहे. गाडी मागे घेतली. ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं, जणू खाली काही नव्हतंच. पुन्हा दाबला. तसंच. तोवर गाडी रस्ता ओलांडून हेडमास्तरांच्या फाटकाकडे निघाली होती. तिसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला. फाटकाला फक्त टेकली. फाटक पडलं.
म्हणजे ब्रेक उत्तम आहेत. पहिल्या दोन वेळा लागत नाहीत, एवढंच.

५.००
बायको म्हणाली, पिस्टन मागे ढकलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घ्यायचं असतं. पान पंच्याहत्तर. मी विचारलं, हे सकाळी का नाही सांगितलंस. म्हणाली, तू मला आत पाठवलंस.
हेडमास्तर शांत होते. म्हणाले, फाटक जुनंच होतं. त्यांची ती शांतता मला आवडली नाही.

मंगळवार, १२ मार्च
ब्रेक आता पहिल्या दाबाला लागतो. कुंई बंद. त्याऐवजी उजवीकडून खर्रर्र असा आवाज येतो. नवे पॅड बसायला वेळ घेतात. नवी चप्पलही चावते.

गुरुवार, १४ मार्च. सकाळी ७.३०
खर्रर्र वाढलं. काल सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं. मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तोच आधी नजर फिरवून निघाला.
बायको कालपासून बसने जाते. मला म्हणाली, तू हवं तिथे जा, पण उद्या आक्का या गाडीत बसणार नाहीत. मी म्हटलं, आक्का माझी बहीण आहे. ती म्हणाली, म्हणूनच. यावर मी बरंच बोललो. ती डबा घेऊन निघून गेली.
ठीक आहे. संध्याकाळी मेकॅनिककडे जाणार. दुरुस्तीला नाही. त्याच्या तोंडून काम चोख आहे हे वदवून घ्यायला. बायकोने मागितलं तर लेखी.

संध्याकाळी ६.३०
मेकॅनिकने उजवं चाक काढलं. टॉर्च मारून आत पाहिलं. मग विचारलं, साहेब, एक फोटो काढू का?
आतला पॅड उलटा बसला होता. ब्रेकचा मसाला, म्हणजे घासणारी बाजू, पिस्टनकडे आणि मागचा लोखंडी पत्रा डिस्ककडे. चार दिवस लोखंडाने लोखंड घासत होतं. डिस्कवर नांगरल्यासारख्या रेघा. ती उरलेली क्लिपसुद्धा पॅड जागेवर धरून ठेवणारी होती. नवी डिस्क सोमवारी येणार. तोवर गाडी इथेच, उद्या हॉस्पिटलात जायचंय म्हटलं तरी.
मी म्हटलं, पॅडवर बाजू लिहायला हवी होती. आमच्या मिक्सरवर आम्ही लिहितो. तो हो म्हणाला. वाद घातला नाही. हात पुसत एवढंच विचारलं, उद्या कुणाला घेऊन जाणार होतात?
मी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. हॉस्पिटलच्या रस्त्याला मोठा उतार आहे.

७.४५
चालत घरी आलो. आक्काला फोन केला. गाडी थोडी… असं म्हणून थांबलो. ती म्हणाली, अरे, मग टॅक्सीने जाऊ. इतक्या चटकन म्हणाली की मला जरा लागलं.
बायकोला सगळं सांगितलं. ती 'बघ, मी म्हटलं होतं ना' म्हणाली नाही. पानं वाढली. त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १५ मार्च
ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. बाहेर बाकावर बसून दाराच्या काचेतून बघत होतो. डॉक्टरांच्या हाताखाली तीन माणसं होती आणि प्रत्येकजण भिंतीवरची यादी वाचून एकेक खूण करत होता. त्यांच्याही पुस्तिका जरा सोप्या करायला वाव आहे.
आत नेताना आक्काने माझा हात घट्ट धरला होता. माझ्या नखांत अजून काळं होतं. तिला दिसलं नाही.

बुधवार, २० मार्च
गाडी आली. नवी डिस्क, पॅड सुलटे. आवाज नाही. मेकॅनिक म्हणाला, डावं चाक तुम्ही अगदी बरोबर केलं होतं, साहेब. हे लिहून ठेवतो. म्हणजे माझं काम निम्मं निर्दोष होतं. पहिल्याच प्रयत्नात निम्मं! तो शिकाऊ असताना त्याचं किती होतं, विचारायचं राहिलं.
डावं चाक बायको शेजारी बसलेली असताना केलं होतं. हा योगायोग.
पावसाळ्याआधी पुढचे पॅड बदलायला हवेत. बघू. मीच बघेन.

शनिवार, २३ मार्च. दुपारी १
आक्काला तपासणीला न्यायचं होतं. गाडी धुतली. तिच्या दारात उभी केली, मागचं दार उघडून धरलं. काळा चष्मा काढून ती पायरीवर उभी राहिली. आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, केवढा म्हातारा झालास रे. मग गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या बंपरवरचा फाटकाचा पोचा, दारावरचा ओरखडा, डाव्या आरशाला लावलेली चिकटपट्टी, सगळं नीट निरखून पाहिलं. म्हणाली, इतकी वर्षं दिसत नव्हतं म्हणून बसत होते. टॅक्सी बोलाव.
म्हटलं, आक्का, ब्रेक नवे आहेत. म्हणाली, ब्रेकचं काही नाही रे.
टॅक्सी आली. ती आणि बायको मागे बसल्या. मी पुढे. वाटेत ड्रायव्हरने गप्पा काढल्या. विचारलं, साहेब, तुम्हाला गाडी येते?
म्हटलं, येते.
मागून दोघी एकदम म्हणाल्या, नाही.