सतरा तारखेचं पत्र

३ मार्च

चि. धाकलूस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. तिकडचंही ठीक असेल असं धरून चालतो, कारण तू काही कळवत नाहीस. तुझं पत्र येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

मी वीस तारखेला येतोय, चार दिवसांसाठी. आईला डोळे भरून पाहायचंय. मागच्या पत्रात तिनं तुझ्याकडून लिहून घेतलं होतं, की थोरल्याकडे जाऊन थोडं राहावंसं वाटतं. तुझ्या वहिनीनं मागची खोली झाडून ठेवली आहे. तिथे सकाळचं ऊन येतं. आई तयार असेल तर येताना सोबतच आणीन.

एक सांगतो, या खेपेला मला शहर दाखवायला नेऊ नकोस. मागच्या वेळी तू रविवार मोडून मला नवा पूल दाखवलास, वर त्या उंच इमारतीच्या गच्चीवर तिकीट काढून नेलंस. अरे, एकतीस वर्षं पोस्टात मी त्या शहराचं टपाल लावलं. कुठल्या गल्लीत सोळा नंबरानंतर एकदम अठरा येतो, ते मला अजून पाठ आहे. आणि त्या गच्चीखालचा पहारेकरी मला विचारतो, पाहुणे कुठले? तू हसलास, म्हणून मीही हसलो. पण मनाला लागलं. मी सोडून आल्यावर सहा वर्षांत त्या शहरानं ओळखही ठेवली नाही.

राहत होतो तेव्हा तरी काय मोठं प्रेम होतं म्हणा. दोन खोल्यांत पाच माणसं. मी रात्रपाळीहून यायचो तेव्हा तू शाळेला निघालेला असायचास, आणि तुझ्या अंथरुणाची ऊब जायच्या आत मी त्यावर पडायचो. शहरानं मला दिलेली जागा तेवढीच, तीही पाळीनं.

सौ.ला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो आळशी होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास,

धाकलूचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. शालजोडीतले दिलेस तेही पोचले.

पण दादा, इतक्यात येऊ नकोस. घराला रंग काढलाय. सामान सगळं मधोमध रचलंय, शिडी दारात, वासानं मुलांची डोकी दुखतात. तुला झोपवू कुठे? आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते, दोन्ही पूर्वीसारखंच. तुझ्याकडे यायचं म्हणते, पण एवढा प्रवास तिला झेपायचा नाही. शिवाय खोल्या तिच्या नावावर आहेत, हे तू विसरतोस. ती महिनाभर इथे दिसली नाही तर भाडेकरू सोडून गेली म्हणायला मालक टपलेलाच आहे. मग मी मुलांना घेऊन कुठे जाऊ? तुझं बरं आहे, तुला स्वतःचं छप्पर आहे.

माझ्या मागे तीन नव्या इमारतींच्या लिफ्टचं तेलपाणी लागलंय. दिवसभर वरखाली चालू असतं, पगार मात्र तळमजल्यालाच अडकलाय. पुढच्या महिन्यात सवडीनं ये.

वहिनीला नमस्कार. राग मानू नकोस, लोभ असू दे.

तुझा धाकलू

१७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

आईला तीन दिवस ताप आहे. डॉक्टर म्हणाले छाती भरली आहे, या वयात काही सांगता येत नाही. सारखं तुझं नाव घेते. रंगाचं मनात आणू नकोस, मिळेल त्या गाडीनं निघ. पत्र मिळताच निघालास तर एकवीसपर्यंत पोचशील.

तुझा धाकलू

९ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू तिसऱ्या दिवशीच न बोलता निघून गेलास, ते सौ.ला फार लागलं. मलाही लागलं. एकोणतीसला तू दारात उभा राहिलास तेव्हा आईला जाऊन पाच दिवस झाले होते, यात माझा काय दोष? मी सतरालाच लिहिलं होतं. पोस्टानं घोळ घातला आणि आपल्या नशिबी हे आलं. पोस्टातला तुझा जुना जोडीदार, टपालाचे गठ्ठे बांधणारा गठ्ठेवाला, भेटायला आला, तेव्हा त्याच्याही तोंडावर मी हेच बोललो. त्यानं मान खाली घातली.

सोबत एक कागद आहे. खोल्या माझ्या नावावर व्हायला तुझी हरकत नाही, एवढंच त्यात आहे. मालक महिनाअखेरीपर्यंत थांबतो म्हणालाय. मुलांच्या शाळा इथे आहेत, आणि या शहरात आता आम्हाला दोन खोल्या कोण देणार? आईनंतर तूच मोठा. सही करून पाठव.

पाठचा भाऊ म्हणून लोभ कायम ठेव.

तुझा धाकलू

१४ एप्रिल

चि. धाकलूस,

आशीर्वाद. पोस्टाला बोल लावू नकोस. तुझं पत्र पोस्टानं तीन दिवसांत आणून दिलं.

पाकीट हातात आलं की मी आधी शिक्का पाहतो, मग अक्षर. ही सवय मेल्याशिवाय जायची नाही. आत तारीख सतरा, वर शिक्का पंचवीसचा, सकाळच्या पहिल्या खेपेचा. पाकीट मधोमध मोडलेलं, कोपऱ्यांना लिफ्टच्या ग्रीसचे डाग. तेव्हा पत्र तू सतरालाच लिहिलंस, हे मी मानतो. लिहिलंस आणि आठ दिवस कामाच्या शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलास. पेटी आपल्या जिन्याखालीच आहे. आमच्या वाण्याच्या दुकानातला फोन नंबरही मी तुला दोनदा लिहून दिला होता. गाडीत बसलो तेव्हा त्या शिक्क्याचा अर्थ मला लागत नव्हता. तू दार उघडलंस, आई चोवीसलाच गेल्याचं कळलं, आणि लागला.

घराला रंगाचा हातही लागलेला नाही. माझ्या खुंटीखालचा तेलाचा डाग जिथल्या तिथे आहे. शेजारच्या शिंपीणबाईनं मला सांगितलं, की माझं तीन तारखेचं पत्र तू आईला वाचून दाखवलंस, त्या दिवसापासून तिनं दोन लुगड्यांची पिशवी भरून उशाशी ठेवली होती. मी येऊ नये म्हणून तू लिहिलंस, हे तिला सांगितलंच नाहीस. वीस तारखेला अंगात ताप असताना ती दिवसभर दाराकडे पाहत होती.

गठ्ठेवाल्यानं जिन्यात मला बाजूला घेतलं. म्हणाला, पाकीट दे, कुठे अडलं ते मी शोधून काढतो, ज्यानं अडवलं त्याला सोडत नाही. पाकीट माझ्या खिशातच होतं. मी म्हणालो, घरी राहिलं. त्याची मान खालीच राहिली. एकतीस वर्षांत आमच्या कामावरचा खोटा आळ मी कधी ऐकून घेतला नव्हता. तो तुझ्यापायी घेतला, आणि एका सरळ माणसाला खाली पाहायला लावलं. त्याची मला अजून लाज वाटते.

तुला कसली भीती होती ते न कळण्याइतका मी दूर गेलेलो नाही. मी आलो तर तिला नेईन आणि खोल्या जातील. पण धाकलू, तापानं फणफणलेल्या म्हातारीला कोण हलवणार होतं रे? नुसता जवळ बसलो असतो. शहर ओळख देत नाही म्हणून मी उगाच त्या पहारेकऱ्यावर चिडलो. तो परका माणूस. तू तर माझ्या अंथरुणातला.

तुझ्या कागदावर सही केली आहे. तुझ्या मुलांना रस्त्यावर काढून माझी आई मला भेटायची नाही. यापुढे माझं तिकडे येणं होणार नाही, तेव्हा शहर दाखवायची तुला तोशीस नको. शेवटी लोभाचं लिहायची रीत आहे, पण खोटं लिहवत नाही. मुलांना मात्र आशीर्वाद.

सहीखाली तारीख आजचीच घातली आहे, आणि पाकीट आजच पेटीत टाकतो. शिक्का पाहून घे.

दादा